दंड भरून राहायचं की रहिवासी परवाना काढायचा? परदेशात नव्याने राहायला गेलेल्यांसाठी

परदेशात जाऊन चार-सहा महिने झाले की एक सल्ला हमखास कानावर येतो. ‘परवान्याच्या भानगडीत कशाला पडतोस? मुदत संपली तर संपू दे. निघताना विमानतळावर दंड भरायचा आणि सुटायचं.’ सल्ला देणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्याने स्वतः तसंच केलेलं असतं आणि त्याचं निभावलेलंही असतं. तरीही हा सल्ला मला घातक वाटतो, कारण त्यात दंड म्हणजे जणू राहण्याचं भाडं असं धरलेलं आहे. भाडं भरलं की तिथे राहण्याचा हक्क मिळतो. ओव्हरस्टेचा, म्हणजे मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा, दंड भरला की फक्त देशाबाहेर पडू देतात. जास्तीचे राहिलेले दिवस बेकायदेशीर म्हणूनच नोंदीत राहतात, आणि पुढच्या वेळी व्हिसा मागायला गेलात की ते दिवस तुमच्या आधी तिथे पोचलेले असतात.

म्हणून निर्णय घेण्याआधी काय काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, ते सांगतो. देशादेशांचे नियम वेगळे असतात आणि बदलतही राहतात, त्यामुळे इथले आकडे उदाहरणादाखल धरा. तुम्ही जिथे आहात तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरचा आजचा नियम हाच शेवटचा शब्द.

पहिली पायरी: आपली खरी शेवटची तारीख शोधा

हे सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात.

माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा पासपोर्ट मी पाहिला होता. व्हिसाच्या स्टिकरवर छापलं होतं, १५ सप्टेंबरपर्यंत वैध. ते निर्धास्त होते. समोरच्याच पानावर प्रवेशाचा शिक्का होता, जरासा तिरका मारलेला, शाई फिकी पडलेली, आणि त्याच्या खाली अधिकाऱ्याने पेनाने एक तारीख लिहिली होती: २० जुलै. आम्ही बोलत होतो तेव्हा ऑगस्टचा पहिला आठवडा चालू होता. स्टिकरवरची तारीख ही देशात प्रवेश कधीपर्यंत करता येईल याची होती. किती दिवस राहता येईल ते शिक्क्यावर होतं. त्यांचा ओव्हरस्टे दोन आठवड्यांपूर्वीच सुरू झाला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

तेव्हा पासपोर्ट घ्या, चांगल्या उजेडात बसा आणि प्रवेशाचा शिक्का नीट वाचा. अमेरिकेत ही तारीख आय-९४ या नोंदीत असते आणि ती ऑनलाइन काढता येते, तिथेही व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही देशांनी शिक्का मारणंच बंद केलं आहे किंवा करत आणलं आहे. अशा ठिकाणी ई-मेलवर आलेली किंवा पोर्टलवर दिसणारी नोंद उतरवून ठेवा.

युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, हिशोब आणखी किचकट आहे. नियम असा की कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पुष्कळांना वाटतं की सीमेबाहेर जाऊन आलं की मोजणी शून्यावर येते. येत नाही. राहण्याच्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे असतात, आणि येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरायचे. समजा, तुम्ही १० जानेवारीला आलात आणि १० मार्चला गेलात. लीप वर्ष नसेल तर हे झाले ६० दिवस. आता १ जूनला परत आलात, तर ३० जूनला निघावं लागेल, कारण १ जुलैला मागे वळून मोजलं की ते साठच्या साठ दिवस अजून त्या १८० दिवसांत मोडतात आणि बेरीज ९१ होते. पण तुम्ही ९ जूनला आलात तर? ८ जुलैला ९० भरतात, आणि ९ जुलैपासून जानेवारीतला एकेक जुना दिवस गळायला लागतो. जितके नवे दिवस आत येतात तितकेच जुने बाहेर पडतात, त्यामुळे ६ सप्टेंबरपर्यंत पूर्ण ९० दिवस राहता येतं. आठ दिवस उशिरा यायचं आणि साठ दिवस जास्त राहायचं. हा हिशोब तिकीट काढण्याआधी कागदावर मांडा. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी कॅल्क्युलेटरही आहे. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर येण्याजाण्याची नोंद बोटांच्या ठशांसकट संगणकात घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे एखादा शिक्का नजरेआड होईल ही आशा आता धरू नका.

दुसरी पायरी: दंडाचा पूर्ण आकडा काढा

दंडाचे दोन भाग असतात. एक पैशाचा, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा पुन्हा येण्यावरच्या बंदीचा, आणि खरी किंमत त्याची असते.

थायलंडचं उदाहरण घेतो, कारण दंड भरून राहण्याचा सल्ला तिथे फार फिरतो. दंड दिवसाला ५०० बात, कमाल २०,००० बात. म्हणजे ४० दिवसांत कमाल गाठली जाते आणि ४१व्या दिवसापासून रक्कम वाढत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आता वर्षभर राहिलो तरी तेवढेच. इथेच फसगत होते. मार्च २०१६ पासून तिथे बंदीचे टप्पे लागू आहेत. ९० दिवसांहून जास्त ओव्हरस्टे करून स्वतःहून काउंटरवर हजर झालात तर १ वर्ष बंदी, एका वर्षाहून जास्त असेल तर ३ वर्षं, तीन वर्षांहून जास्त असेल तर ५, आणि पाचाच्या वर १० वर्षं. हे स्वतःहून निघणाऱ्यांसाठी. रस्त्यात तपासणीत सापडलात तर एक वर्षाच्या आतल्या ओव्हरस्टेलाही ५ वर्षं, आणि त्यावर १० वर्षं. वीस दिवसांचा ओव्हरस्टे असलेला माणूस विमानतळावर १०,००० बात भरून मोकळा होतो. तोच माणूस आदल्या दिवशी एखाद्या नाक्यावर पकडला गेला, तर कोठडी, हद्दपारी आणि पाच वर्षांची बंदी. दोघांचा गुन्हा एकच. कोण कुठे सापडेल हे तुमच्या हातात नसतं.

आणि त्याच देशात पर्यटक व्हिसा ३० दिवस वाढवून घ्यायची अधिकृत फी आहे १,९०० बात. तेवढेच ३० दिवस ओव्हरस्टे केला तर १५,०००. नुसत्या पैशाच्या हिशोबानेसुद्धा ओव्हरस्टे महाग पडतो.

बाकीचे देश भराभर सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत दिवसाला ५० दिरहॅम, म्हणजे वर्षाला १८,२५०. इंडोनेशियात ६० दिवसांपर्यंत रोज १० लाख रुपिया, आणि त्यानंतर दंडाचा पर्यायच संपतो, हद्दपारी आणि बंदी येते. ऑस्ट्रेलियात २८ दिवसांहून जास्त ओव्हरस्टे करून गेलात तर तात्पुरत्या व्हिसांसाठी ३ वर्षं दार बंद होऊ शकतं. ब्रिटनमध्ये ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने स्वतःहून निघालात तर सहसा बंदी लागत नाही, त्यानंतर ती १ वर्षापासून १० वर्षांपर्यंत जाते. सिंगापूरमध्ये ९० दिवसांच्या पुढे तुरुंगवास आणि पुरुषांना वेताच्या फटक्यांची शिक्षा कायद्यात आहे.

अमेरिकेत असा रोजचा दंडच नाही. ते ऐकून बरं वाटून घेऊ नका. १८० दिवसांहून जास्त पण एक वर्षाहून कमी बेकायदेशीर राहून देश सोडलात तर ३ वर्षं प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा जास्त असेल तर १० वर्षं. शिवाय एक दिवस जरी जास्त राहिलात तरी ज्या व्हिसावर आलात तो आपोआप रद्द धरला जातो. ‘निघताना भरू’ हे वाक्य तिथे लागूच पडत नाही, कारण बंदी सुरू होते ती निघाल्यावरच.

तिसरी पायरी: मधल्या दिवसांचा विचार करा

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या भागाची. दंडाची चर्चा नेहमी येण्याच्या आणि जाण्याच्या दिवसाभोवती फिरते. माणूस मात्र मधल्या सगळ्या दिवसांत जगत असतो.

राहण्याची मुदत संपलेली असेल तर बँकेत खातं उघडत नाही, असलेलं कधी गोठवलं जाईल सांगता येत नाही. घरमालक करार करत नाही, केला तर अनामत रक्कम परत करायची त्याला घाई नसते, कारण तुम्ही तक्रार करायला जाणार नाही हे तो ओळखून असतो. पगार थकवणाऱ्या मालकाचंही तेच. खिसा कापला गेला, कुणी मारहाण केली, अपघात झाला, तरी पोलीस चौकीत पाऊल टाकताना आधी आपलीच तारीख आठवते. आजारपणात विमा उपयोगी पडेल की नाही हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांवर अवलंबून असतं, आणि कायदेशीर वास्तव्य ही अट त्यात असू शकते. आत्ताच आपली पॉलिसी काढून ती अट शोधा. परदेशात मूल झालं, लग्न नोंदवायचं आहे, मुलाला शाळेत घालायचं आहे, तर प्रत्येक खिडकीवर पहिला कागद मागतात तो वास्तव्याचा.

आणखी एक. पुढेमागे त्या देशात कायमचं राहायचा किंवा नागरिकत्वाचा विचार असेल, तर वर्षांची मोजणी सामान्यतः कायदेशीर वास्तव्याचीच होते. दंड भरून काढलेली पाच वर्षं त्या मोजणीत नसतात.

मग दंड भरणं कधी ठीक?

असे प्रसंग आहेत, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवेत. विमान रद्द झालं, अचानक इस्पितळात दाखल व्हावं लागलं, पासपोर्ट हरवला, किंवा तारीख मोजण्यात एक-दोन दिवसांची चूक झाली आणि तुम्ही तसेही निघणारच आहात. अशा वेळी रहिवासी परवान्याच्या मागे धावण्यात अर्थ नसतो. कागद जमवा: विमान कंपनीचं रद्द झाल्याचं पत्र, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, पोलीस तक्रारीची प्रत. विमानतळावर नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जा, दंड रोख भरावा लागेल असं धरून त्या देशाचं चलन जवळ ठेवा, काउंटरवर स्वतःच सांगा आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका. ती पावती पुढची कित्येक वर्षं जपून ठेवा. पुढच्या व्हिसाच्या अर्जात ‘कधी ओव्हरस्टे झाला आहे का’ हा प्रश्न आला तर ‘हो’ लिहा आणि पावती जोडा. खोटं ‘नाही’ हे ओव्हरस्टेपेक्षा जड पडतं.

राहायचंच आहे असं मनात असताना मात्र दंडाचा विचार डोक्यातून काढून टाका.

चौथी पायरी: आपल्याला बसणारा परवाना शोधा

लोकांना वाटतं रेसिडेन्सी म्हणजे श्रीमंतांची गोष्ट. बहुतेक देशांत वाटा बऱ्याच असतात: नोकरी, शिक्षण, जोडीदार किंवा मुलं, निवृत्ती, व्यवसाय, गुंतवणूक, आणि गेल्या काही वर्षांत दुसऱ्या देशातल्या कंपनीसाठी ऑनलाइन काम करणाऱ्यांचे परवाने. एस्टोनियाने असा व्हिसा २०२० मध्ये सुरू केला, नंतर अनेक देशांनी केला.

अट वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. मोठा आकडा दिसला की माणूस पुढे वाचत नाही. थायलंडमध्ये ५० वर्षांवरच्या व्यक्तीला निवृत्तीच्या आधारावर वर्षभराची मुदतवाढ मिळते, त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बात दाखवावे लागतात किंवा महिना ६५,००० बातचं उत्पन्न. पण ते ८ लाख खर्च होत नाहीत, तुमच्याच नावावर राहतात. सरकारला जाते ती अर्जाची फी, पुन्हा तीच १,९०० बात. दाखवायचे पैसे आणि जाणारे पैसे असे दोन रकाने पाडून तुलना करा.

कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून मुदत संपायच्या किमान तीन महिने आधी सुरुवात करा. जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पदवी, मायदेशातलं पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) हे जवळजवळ सगळीकडे लागतं. दोन्ही देश १९६१च्या हेग अपोस्टील करारात असतील तर कागदावर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन, करून घ्यायचं, नसतील तर दूतावासाकडून साक्षांकन. हे काम ज्या देशाने कागद दिला तिथेच होतं. परदेशात बसून लक्षात आलं तर घरच्यांना धावपळ करावी लागते, तेव्हा निघण्याआधीच दोन-दोन प्रती अपोस्टील करून सोबत न्या. पोलीस क्लिअरन्स मात्र आधीपासून काढू नका, ते ठरावीक महिन्यांनंतर चालत नाही. भाषांतर कुणाकडून करून घ्यायचं हेही आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी अधिकृत यादीतल्या भाषांतरकाराचंच चालतं.

अर्ज देशात राहून करता येतो की बाहेर जाऊन वकिलातीत करावा लागतो, हे पहिल्याच दिवशी पाहा. यावर तुमचं सगळं वेळापत्रक ठरतं.

आणि काहीही झालं तरी अर्ज मुदतीच्या आत दाखल करा, एखादा कागद कमी असला तरी. ब्रिटनमध्ये मुदतीत अर्ज केला तर निर्णय येईपर्यंत जुन्या परवान्याच्या अटी आपोआप चालू राहतात. ऑस्ट्रेलियात त्या काळासाठी ब्रिजिंग व्हिसा मिळतो. अमेरिकेतही वेळेत केलेला मुदतवाढीचा योग्य अर्ज प्रलंबित असेपर्यंत बेकायदेशीर दिवस मोजले जात नाहीत. मुदतीनंतर एका दिवसाने केलेल्या त्याच अर्जाला हे संरक्षण नसतं. अर्जाची पोच कायम खिशात ठेवा. निर्णय यायच्या आत देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज रद्द होऊ शकतो, म्हणून प्रवासाआधी विचारून घ्या.

ओव्हरस्टे आधीच झाला असेल तर

घाबरून लपणं आणि घाबरून विमानतळावर पळणं, दोन्ही टाळा. आधी दिवस मोजा. पुढचा बंदीचा टप्पा किती दूर आहे ते पाहा. टप्पा जवळ असेल तर तो ओलांडायच्या आत निर्णय हवा.

मग परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला एकदा तरी भेटा. हा खर्च वाचवू नका, कारण काही देशांत निघून जाणं हीच मोठी चूक ठरते. अमेरिकेत रीतसर प्रवेश करून नंतर ओव्हरस्टे झालेल्या आणि अमेरिकन नागरिकाशी खरोखर लग्न झालेल्या व्यक्तीला बहुधा देशातच राहून ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. तीच व्यक्ती घाबरून बाहेर गेली तर ओव्हरस्टे किती झाला त्यानुसार ३ किंवा १० वर्षांची बंदी अंगावर घेऊ शकते. उलट जपानमध्ये स्वतःहून कार्यालयात हजर होऊन अटीत बसणाऱ्याला १ वर्षाची बंदी, आणि पकडून हद्दपार केलेल्याला किमान ५ वर्षांची. स्पेनमध्ये मे २०२५ पासून सलग २ वर्षं वास्तव्य सिद्ध करणाऱ्यांना काही अटींवर परवाना मागता येतो. पण अशा दारावर भिस्त ठेवून ओव्हरस्टे सुरू करू नका. पोर्तुगालमध्ये आधी येऊन मग नियमित होण्याची वाट होती, जून २०२४ मध्ये ती नव्या अर्जदारांना बंद झाली.

माफी योजना येतात, त्यावर लक्ष ठेवा. अमिरातीत १ सप्टेंबर २०२४ला सुरू झालेली योजना ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली, आणि त्यात दंड न भरता निघायची किंवा नवा परवाना काढून राहायची मुभा होती. पुढची कधी येईल, येईल की नाही, हे मात्र कुणी सांगू शकत नाही.

मालकाने पासपोर्ट अडकवला म्हणून किंवा त्याने परवाना नूतन केला नाही म्हणून मुदत संपली असेल, तर तो दोष तुमचा नाही हे लेखी उभं करा. मेसेज, पगाराच्या पावत्या, करार, सगळ्याचे फोटो काढून घरच्या माणसाकडे पाठवा आणि आपल्या दूतावासात तक्रार नोंदवा. अटक झालीच तर आपल्या वकिलातीला कळवा अशी मागणी करायचा हक्क १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ने दिला आहे. ते वाक्य तिथल्या भाषेत पाठ करून ठेवा.

‘पासपोर्ट द्या, शिक्का मारून आणतो’ म्हणणारा माणूस भेटेल. तुम्ही सीमा ओलांडली नाही आणि पासपोर्टवर शिक्का आला, तर तो खोटा आहे. आत्तापर्यंत तुमच्या हातून मुदतीची चूक झाली होती, त्या दिवसापासून तो बनावट कागदाचा गुन्हा होतो. पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.

परवाना हातात आल्यावर

नाव, जन्मतारीख, मुदत, तिन्ही खिडकीवर उभं राहूनच वाचा. चूक घरी सापडली तर दुरुस्तीला नवा अर्ज लागू शकतो. मुदतीच्या ९० आणि ३० दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा, आणि पासपोर्टची मुदतही त्याच वेळी पाहा, कारण परवाना सहसा पासपोर्टच्या पुढे देत नाहीत. पत्ता बदलला तर किती दिवसांत कळवायचं ते विचारा. थायलंडमध्ये वर्षाची मुदतवाढ मिळाल्यावरही दर ९० दिवसांनी पत्ता नोंदवावा लागतो, आणि री-एन्ट्री परमिट (परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता देशाबाहेर गेलात तर ती मुदतवाढ तिथल्या तिथे संपते. एका फेरीसाठी त्याची फी १,००० बात आहे. घरी कुणाच्या आजारपणासाठी रातोरात निघावं लागतं तेव्हा हे सुचत नाही, म्हणून परवाना मिळाला त्याच आठवड्यात ते काढून ठेवा.